सोयरिकीतला खराटा

आमच्या सोयरिकीत पत्रिका जुळली, पसंती झाली, सगळं अडलं ते एका खराट्यापाशी.

मी कोल्हापुरात हायड्रोजनच्या कारखान्यात इंजिनिअर. पाण्यात वीज सोडून वायू वेगळा काढायचा, दाबानं सिलिंडरांत भरायचा आणि तो कुठून निसटत नाही ना, हे बघायचं. त्यात डोळ्यांत तेल घालूनही उपयोग नसतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि पेटला तरी दिवसाउजेडी ज्वाळ दिसत नाही. म्हणून ज्वाळ ओळखणारं यंत्र बंद असलं की आमची जुनी रीत ठरलेली. लांब दांड्याला खराटा बांधायचा, तो पुढं धरायचा आणि आपण मागून पाऊल टाकायचं.

त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला गेलेलं आणि मुलीचे वडील न कळवता गडहिंग्लजहून आले. गुळाचे व्यापारी, ढेप फोडून बघितल्याशिवाय माल घेणार नाहीत. पहारेकऱ्यानं त्यांचा मोबाइल आणि काडेपेटी काढून घेतली आणि त्यांना जाळीबाहेरच उभं केलं. मुलगी मला फार आवडली होती, आणि मी नेमका खराटा घेऊन सापडलो.

"पावणं, इंजिनेर म्हनलासा न्हवं?" ते जाळीतून ओरडले. "हितं तर झाडाय ठेवलंय की तुमास्नी!"

सगळे फिटर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मध्येच थांबता येत नव्हतं. ते पाठ फिरवून निघालेसुद्धा.

तेवढ्यात तिसऱ्या जोडापाशी खराट्याचं टोक भुर्रकन पेटलं. मी ओरडलो, मागं सरलो आणि बटण दाबून वायू बंद केला.

मुलीचे वडील परत जाळीला येऊन चिकटले होते.

"जाळ कुठाय?"

"दिसत न्हाय, मामा."

"दिसत न्हाय, पन हाय?"

"व्हय."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "आमच्या लेकीचं बी तसंच हाय. वरनं गार दिसती. तुमास्नी सवय हाय, तवा ठरलं म्हना."

लग्नाला चार वर्षं झाली. बायको खरोखरच शांत आहे, भडकू मी. कामावरून तणतणत आलो की ती मला दारातच थांबवते, तोंडासमोर केरसुणी धरते आणि वडिलांना फोनवर सांगते, "आप्पा, न्हाय पेटली. आत घेते."