समोरच्या दारातून आलेलं पिठलं

बाबांना स्मशानात पोचवून परतलो, तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. या नव्या वसाहतीत येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. नातेवाईक संध्याकाळच्या गाडीने पोचणार होते. घरात आम्ही दोघंच, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. गावं सोडून माणसं गिरण्यांच्या शहरांत लोटली, तेव्हा युरोपातल्या काही विचारवंतांना घोर लागला, की एकमेकांना न ओळखणारी ही माणसं कशाच्या बळावर एकत्र राहतील? कुणी म्हणालं, समान श्रद्धेच्या. कुणी म्हणालं, एकाचं काम दुसऱ्याला लागतं म्हणून. कुणाला भीती वाटली, की पैसा माणसाला माणसापासूनच तोडेल. त्या घोरातून हे शास्त्र जन्मलं. त्यातली धास्ती मला त्या दुपारी कळली.

इतक्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई पातेलं घेऊन आत आल्या. आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरतीच होती.

"दादा, आज तुमच्याकडे काही शिजवायचं नसतं. पिठलं-भात आणलाय. आधी आईंना वाढते."

"मला भूक नाही," आई म्हणाली.

"माझी आई गेली तेव्हा मीही हेच म्हणत होते." त्यांनी भात कालवला आणि घास आईच्या हातात ठेवला.

आईने तो खाल्ला. मग ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमचं नाव काय हो?"