हरवलेल्यांच्या तंबूतल्या कुसुमताई

कुसुमताई मुळे मुलींच्या शाळेत गणित शिकवत. महाकालाच्या गावी भरलेल्या सत्तावन्नच्या सिंहस्थात त्यांनी रामघाटाजवळच्या ‘खोया-पाया’, म्हणजे हरवले-सापडलेल्यांच्या, तंबूत काम घेतलं. मी वाङ्मय घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो. माझ्याकडे फॉर्म भरायचं काम. राज्य बदललेलं, म्हणून प्रत्येक फॉर्मवर ‘मध्य भारत’ खोडून ‘मध्य प्रदेश’ लिहायचं.

हरवलेला माणूस घाबरून बोलेनासा झाला की मी यात्रेकरूंच्या छावण्यांची यादी वरून खाली वाचू लागे. ताई फक्त पोटलीची गाठ बघत.

“निमाडचा आहे. त्यांच्या छावणीत पाठव.”

“ताई, मन मोकळं ठेवून तपासायला हवं.”

“तुझं मन इतकं मोकळं की चारशे छावण्या मावतात त्यात! आधी काहीतरी गृहीत धरावं लागतं रे, माधव. कपडे लोक यात्रेसाठी नवे घेतात. गाठ आईनं शिकवलेलीच मारतात. मी तेवढंच धरते.”

दहात नऊ वेळा त्यांचं बरोबर येई. मी थक्क.

एका दुपारी एक म्हातारी आली. तिचं सूर्यास्तापर्यंत मौनव्रत, एवढं खुणांवरून कळलं. लिहिता येत नव्हतं. ताईंनी गाठ पाहिली. “वऱ्हाडची. यांची स्पेशल गाडी साडेआठला सुटते. पळ.”

वऱ्हाडची माणसं उतरली होती त्या फ्रीगंजातल्या धर्मशाळेत मी तिला नेलं. व्यवस्थापक म्हणाला, “हां, ह्या आमच्याच.” मी ‘सापडली’ लिहिलं. तंबूत परतलो आणि तासाभरात म्हातारी पुन्हा हजर. ती सारखी कपाळावरच्या कुंकवाकडे बोट दाखवी. दर्शन राहिलं असेल, म्हणून मी तिला महाकालाला नेऊन आणलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

सूर्य बुडाला आणि ती कडाडली. “मी कुठं हरवली हाय? आमचा बुढा हरवला!”

ताई ओशाळल्या, मग हसत सुटल्या. “गाठ बरोबर होती. पण या तंबूत येईल तो हरवलेलाच, हेही मी धरून बसले होते. धरलंय हेच दिसलं नाही.”

“म्हणून म्हणतो, काहीच धरू नये. आता सगळ्या छावण्या—”

“चूप बस. तुझी यादी संपेपर्यंत गाडी वर्ध्याला पोचेल. आजी, आजोबा आपली चूक कबूल करतात?”

“जन्मात नाही.”

“मग त्यांच्या मते तुम्हीच हरवलात. तुमची तक्रार लिहायला ते इथे आले नाहीत, म्हणजे दुसऱ्या तंबूत गेले असणार. माधव, पलीकडच्या काठावरचा खोया-पाया तंबू बघ.”

मी पूल ओलांडून धावलो. तिथे एक म्हातारा कारकुनाला खडसावत होता, “लिहा ना! बायको हरवली. रस्ता म्हणून समजत नाही तिले.”

गाडी सुटायला सहा मिनिटं असताना दोघं डब्यात चढले. कोण हरवलं होतं, यावर खिडकीत जुंपली होती. निकाल लागण्याआधी गाडी हलली.