आक्काचा सुकवलेला कान

आक्का माझी थोरली बहीण. तिचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आई कापसाची वात फिरवून पुसायची आणि म्हणायची, "वाहू दे, घाण भायेर पडतीया." पण वास यायचा, लय वास यायचा. त्यात लढाईचे दिवस, गावातली निम्मी तरणी पोरं पलटणीत. स्थळ येणं मुश्कील, आलं तर ते हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच घरात सगळ्यांना कळत होतं.

विट्याकडची माणसं आक्काला बघायला येणार म्हटल्यावर आत्तीनं पदर खोचला. वडिलांची ही बहीण, घरात तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. तुरटी भाजून, कुटून तिनं आक्काच्या कानात भरली आणि वर मेणाचा बोळा ठासला. आक्का ओरडली तर म्हणाली, "कळ काढ जरा, जल्माचं कल्याण हुईल." कल्याण! अजून तो शब्द ऐकला की माझं टाळकं सणकतं.

वास गेला. पाहुणे आले, सुपारी फुटली, साखर वाटून झाली. आणि आक्काचं डोकं दुखायला लागलं. कानामागं सूज, उलट्या, तापानं अंग नुसतं भाजत होतं. उजेड सोसेना. मी म्हणाले, "आवं आत्ती, त्यो बोळा काढा की!" तर माझ्यावरच खेकसली, "गप गं! लगीन तोंडावर हाय, पुन्ना वास सुटला म्हंजे?" कुणी म्हणालं दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरल्या. कुणी म्हणालं, सासरी जायचं नको म्हणून सोंग करतीया. सोंग! तिची मान वळत नव्हती, आईला विचारत होती, "तू कोन गं?" आणि ह्यांना ते सोंग दिसत होतं. डोळे फुटले होते का सगळ्यांचे?

आकडी येऊन ती अंगणात पडली तेव्हा कुठं वडिलांनी गाडी जुंपली. कराडहून आगगाडीनं मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोळा उपसला, कानामागचं हाड कोरलं. मग आईला नीट समजावून सांगितलं. कानामागचं हाड किडलं होतं, पुवाला बाहेरची वाट मिळाली नाही, तो आत मेंदूकडं गेला आणि तिथं गळू झालं. डोकं दुखायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, म्हणाले. आई आत्तीकडं बघत राहिली. आत्ती देवाचं नाव घेत होती.

आक्का त्याच दवाखान्यात वारली.

तेराव्याला विट्याची माणसं आली. हळहळली, जेवली, पान खाल्लं. मग त्यांच्यातला म्हातारा वडिलांना म्हणाला, "झालं ते वंगाळ झालं. पर मुहूर्त कशाला मोडायचा? धाकटी हाय की." मला वाटलं, वडील आता ह्याला उंबऱ्याबाहेर काढतात. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय," म्हणाले, "आन् हिचं दोनी कान चांगलं हायेत."