क्षेत्र नसलेली माणसं

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजीचा आवाज का बसलाय. ग्रामसभेत ओरडले म्हणून बसलाय.

आपल्या गावाबाहेर, केजच्या रस्त्याला, गायरानावर पारध्यांची वस्ती आहे. तुमच्या बाबांच्या लहानपणापासून. यंदा पंचायतीने ते गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं ठरवलं. वस्तीतली एक बाई आपल्या शेतात खुरपायला येते. तिची बहीण नंदुरबारकडे दिलेली आहे. तिकडे आदिवासी पाड्याची स्वतःची ग्रामसभा असते, जमीन घेण्याआधी तिला विचारावं लागतं, हे बहिणीने सांगितलेलं. तिने मला विचारलं, "मंग आमाला कावून न्हाई, बाई?"

तसा कायदाच आहे; मी तो इंग्रजीतून वाचला. आदिवासींनी आपला कारभार आपण करावा, असं त्यात छान लिहिलंय. पण फक्त अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने नकाशावर आखून दिलेल्या आदिवासी भागात. बीड जिल्ह्यात असं क्षेत्रच नाही.

तरी तिने भर सभेत विचारलंच. ग्रामसेवक म्हणाला, "तो कायदा इथे लागू नाही. हे अनुसूचित क्षेत्र नाही."

"क्षेत्र मंजी?"

मागून एकजण ओरडला, "क्षेत्र मंजी परळी! जा, दर्शन घिऊन ये!" सगळे हसले.

ती हसली नाही. "माज्या दाखल्यावर सरकारनंच अनुसूचित लिवलंय. मी अनुसूचित, अन् माज्या पायाखालची माती न्हाई? मंग उचला अन् नंदुरबारला ठिवा मला."

सरपंचाने घाईने ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. वस्तीने केले नाहीत. ग्रामसेवकाने लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. तेव्हा मी उठले. विरोध डोळ्यांसमोर उभा असताना सर्वानुमते कसलं? "विरोध लिहा," मी ओरडतच राहिले.

सरपंच म्हणाला, "काकू, तुमचं घर उठतंय का? बसा की खाली."

माझं उठत नव्हतं, म्हणूनच तर माझं मत धरलं जात होतं! ज्यांचं उठणार, त्यांना विचारायचं की नाही हे कुठलासा नकाशा ठरवणार. शेवटी विरोधाची एक ओळ लिहिली गेली, मंजुरीच्या खाली.

दुसऱ्या दिवशी वस्तीने लिंबाखाली आपली सभा भरवली. कायदा नसताना. मलाही बोलावलं. "जमीन द्यायची न्हाई म्हनणाऱ्यांनी हात वर करा," ती म्हणाली. मीही केला.

"तुमी नगं, बाई," तिने दटावलं. "तुमची सभा काल झाली. ही आमची हाय."

मी हात खाली घेतला. बाकी सगळे वरच होते.