उकंडाकाकांचा कंदील

केळापूरच्या जुन्या विहिरींचा गाळ काढायला उतरण्याआधी आमचे उकंडाकाका जळता कंदील दोरीनं आत सोडत. तो विझला, की कोणालाच उतरू देत नसत.

विहिरींचे दगड फोडून काकांच्या छातीत धूळ बसली. भाकर पोटात जाई, पण हात उचलवेना. डॉक्टर म्हणाले, “पेशींना अन्नातून शक्ती काढायला ऑक्सिजन लागतो. यांची फुप्फुसं तो आता रक्ताला पुरेसा पुरवत नाहीत.”

काका चिडले. भर दुपारी मथुराकाकूंकडून उशाशी कंदील लावून घेतला.

“हा जळून राह्यला ना? मंग हवा हाय. मले काहून पुरत नाही?”

दिवस मावळताना काका गेले. कंदील जळतच होता.

काकू त्याच्यावरच खेकसल्या, “जन्मभर खरं बोलला, आजच काहून खोटं बोलला रे?”