परीक्षा बाईंची

“पण हे कळणार कोणाला?” नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“मला कळलंय ना,” ती म्हणाली.

“तुला कळलं म्हणून मी आणखी एक वर्ष त्याच खुर्चीत कुजायचं? बढतीची बाहेरगावची बदली दोनदा पुढे ढकलली मी. एकदा तुझा संशोधनाचा आराखडा परत आला म्हणून, एकदा तुझ्या त्या परवानग्या मिळेनात म्हणून. आता साहेबांनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय. हो की नाही.”

“जरा हळू रे,” वाटाणे सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. “शेजारी कोणी पीएचडी करत नाही, त्यांची डोकी रिकामी असतात. सगळं ऐकू जातं.”

ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. समोर प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, निष्कर्षांचं. दोन महिन्यांनी प्रबंध द्यायचा होता आणि परवा दुपारपर्यंत हे प्रकरण तिला सगळ्यात आवडत होतं.

ती चव्वेचाळीस वर्षांची. पंधरा वर्षं नर्स होती, आता त्याच हॉस्पिटलच्या प्रशिक्षण विभागात. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून ट्रेमध्ये लावणाऱ्या कामगारांना शिकवायचं, हे तिचं काम. सात वर्षांपूर्वी नवी यंत्रं आली, तेव्हा कंपनीच्या माणसाने पडद्यावर नव्वद पानं दाखवली. कळलं का, असं विचारल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पोटाच्या ऑपरेशनचा ट्रे दोन चिमट्यांविना वर ऑपरेशन थिएटरात गेला. दोष कामगारांच्या माथी आला. माना का डोलावल्या, हे मात्र कोणी विचारलं नाही. तिने विचारलं, आणि त्या एका प्रश्नापायी नोकरी सांभाळून इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये पीएचडीला नाव घातलं.

“म्हणजे शिकवायचं कसं, ते शिकायचं?” सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं. “आणि ते तुला शिकवणारे कुठे शिकले?”



तिने टॅबलेटवर धडा बनवला. नेहमीच्या धड्यात सगळं नीट लावून दाखवतात. हिच्या धड्यात ट्रे चुकीचा लावलेला असायचा आणि चूक शिकणाऱ्याने शोधायची. नव्याने लागलेल्या अडतीस जणींचे दोन गट केले. एकोणीस जणींना कंपनीचा नेहमीचा व्हिडिओ, एकोणीस जणींना हिचा धडा. महिन्याने प्रत्येकीने बेचाळीस हत्यारांचा ट्रे लावायचा आणि हिने चुका मोजायच्या. व्हिडिओवाल्या गटाच्या एकशे सात चुका झाल्या, हिच्या गटाच्या अकरा. आकडे पाहून ती ऑफिसात एकटीच हसली होती.

परवा ती टॅबलेट परत घ्यायला खाली गेली. त्या विभागात बावीस वर्षं काढलेल्या मावशींनी हात पुसत विचारलं, “काय बाई, झालात ना पास?”

“मी? मी कशी पास होईन?”

“असं काय करता? पहिल्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात, घाबरू नका, ही परीक्षा तुमची नाही, माझी आहे. मग आम्ही म्हटलं, एवढी वर्षं आपल्यासाठी राबतेय बिचारी, तिची लाज जाता कामा नये. तुमच्या त्या एकोणीस पोरींना रोज दुपारच्या सुट्टीत धरून बसवायचे मी. ट्रे भर, उपस, परत भर. रडकुंडीला आल्या, पण सोडलं नाही.”

“आणि व्हिडिओवाल्या पोरी?”

“त्यांना कशाला शिकवू? त्या कंपनीच्या!”

तिने मावशींचे आभार मानले. दुसरं काय करणार? मग टॅबलेटचा गठ्ठा छातीशी धरून ती दोन मजले जिन्याने चढली, लिफ्ट उघडी असताना.

मार्गदर्शक बाईंना फोन केला. “मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद घालता येईल,” त्या म्हणाल्या. “पण मग तुमच्या धड्याने काय केलं आणि मावशींनी काय केलं, हे वेगळं कसं काढणार, ते तुम्हीच सांगा.”

वेगळं काढता येत नव्हतं. दोन दिवस तिने सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. राग मावशींचा नव्हताच. सूचना कशी द्यावी यावर तिने तीनशे पानं लिहिली होती आणि तिची स्वतःची पहिलीच सूचना ऐकणाऱ्यांना भलतीच कळली होती. तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नेमकं काय कळलं, ते तिने विचारलं नव्हतं.

“खोटं काय आहे त्यात?” नवरा आता टेबलाशी येऊन बसला होता. आवाज उतरला होता. “आकडे तू बनवलेस का? पोरींनी ट्रे बरोबर लावले. बस. सही कर, दे, मोकळी हो.”

“आणि उद्या माझं वाचून कोणी दुसऱ्या हॉस्पिटलात हा धडा लावला? तिथे मावशी नसतील.”

“जगाची काळजी तूच वाहा!”

“ती काळजी तिची नोकरीच आहे रे,” सासूबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. “पण याचंही वय चाललंय हो. त्याने किती थांबायचं, याचा काही हिशोब?”

हे मात्र तिला लागलं, कारण खरं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्याने एकदाही थांबल्याचा बोभाटा केला नव्हता, आज पहिल्यांदाच. तिने चौथं प्रकरण निवडलं, पुसलं आणि लॅपटॉप मिटला.

“सोमवारी हो म्हणून कळव,” ती त्याला म्हणाली. “तू जा. मी दुसऱ्या हॉस्पिटलात सगळं पहिल्यापासून करणार आहे, त्यांना सकाळीच पत्र पाठवलंय. वर्ष लागेल. तोवर मी इथेच राहणार. आई कुठे राहणार, ते त्यांचं त्या ठरवतील.”