वैशालीचा प्रोग्राम का थांबला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी पगाराचा खरा आकडासुद्धा सांगतो.

सुरतेत साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मी सॉफ्टवेअर लिहितो. चांगलं लिहितो; नम्रपणाचा आव आणायची ही जागा नाही. नव्या पोरांना एक गोष्ट मी हमखास शिकवतो: क्लाउडवरची सेवा ‘फार वेळा विचारलंत, थांबा’ म्हणाली की थांबायचं. पुन्हा नाही म्हणाली तर दुप्पट थांबायचं. पोरं मान डोलावतात. हे मला कुणी शिकवलं, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.

वैशालीनं. सुरतेतल्याच लिंबायतची, माझ्यासारखीच खानदेशी. आम्ही शेजारी बसायचो. तिचा प्रोग्राम साडीचा फोटो क्लाउडवर पाठवून काठ, पदर, बुट्टी यांचं वर्णन मागवायचा. माझा प्रोग्राम गोदामातल्या जुन्या फोटोंसाठी तेच करायचा. दोघांत खातं एकच, आणि त्यावर मिनिटाला ठरावीकच विनंत्या चालायच्या.

शेठनी मंडप घालून तिच्या प्रोग्रामचं उद्घाटन ठेवलं. प्रोग्रामचं उद्घाटन कसं करतात? आमच्याकडे लॅपटॉपला हार घालून आणि कीबोर्डवर कुंकू वाहून. त्यानंतर कितीतरी दिवस स्पेसबार चिकटत होता. आदल्या संध्याकाळी वैशाली म्हणाली होती, “भाऊ, सकायले तुन्हं बंद ठेवजो हां.” मी हो म्हणालो.

माझा प्रोग्राम बंद ठेवला नाही. का? कारण — जुना कॅटलॉग पूर्ण झाल्याची बातमी मला त्याच मंडपात द्यायची होती. एवढंच. कारण मोठं असतं तर जरा बरं दिसलं असतं.

शेठनी फोटो टाकला. पडद्यावर ‘थांबा’. मग पुन्हा ‘थांबा’. खात्याचा सगळा वाटा माझा प्रोग्राम खात होता — नकार आला की तो लगेच पुन्हा विचारायचा. थांबणं मी त्याला शिकवलंच नव्हतं.

“बेन, तमारुं मशीन तो सूई गयुं,” शेठ म्हणाले — मशीन झोपलं म्हणे. मंडप हसला. वैशाली माझ्याकडे बघत होती का? नाही, पडद्याकडे. मी हो म्हणालो होतो ना — तिच्यासाठी तो विषय संपला होता.

मी हळूच माझ्या लॅपटॉपचं झाकण लावलं, तसा माझा प्रोग्राम थांबला. थोड्याच वेळात वर्णन आलं, अगदी बिनचूक. तोवर पाहुणे लोचो खायला वळले होते.

काय झालं, असं शेठनी मला विचारलं. मला. इथं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “तिनं कोडमध्ये उगाच थांबायचं लिहून ठेवलंय.” थांबायचं लिहिलेलं होतंच. ‘उगाच’ एवढाच शब्द माझा.

काम माझ्याकडे आलं. वैशालीला बिलं टाइप करायला बसवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिनं लिहिलेलं थांबणं मी जसंच्या तसं ठेवलं. कोडच्या वर तिचं नाव होतं, ते काढलं.

मध्यंतरी उधन्याला भेटली. मुलांच्या शिकवण्या घेते — कॉम्प्युटरच्या नाहीत. चहा पिता पिता मध्येच म्हणाली, “भाऊ, त्या दिन मन्हं काय चुकनं व्हतं? आजून समजनं नही.”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

तिनं मान डोलावली. नवी पोरं डोलावतात तशीच.